पापणीची दांडी

“वाजवा, काका,” असं मी फोनवर म्हणालो, तेव्हा पेटंटच्या अर्जात पापणीच्या दांडीबद्दल एक ओळही नव्हती. पुढं वर्षभरानं “दांडीचं तुम्ही मला नंतर सांगितलंत” असं म्हणालो, तेव्हा ते मला आधीच सांगून झालेलं होतं. दोन्ही वेळा मी खोटं बोललो. पहिलं खोटं आळसातून आलं, दुसरं भीतीतून. हे आधीच लिहून टाकलेलं बरं. काकांबद्दल बोलायला लागलं की माणूस हसायला लागतो, आणि हसण्याच्या भरात माझं कर्म बाजूला सारायची मला सवय लागलेली आहे.

काका माझे सख्खे काका नव्हेत. आम्ही मराठी लोक त्यांना काका म्हणायचो, केरळी लोक अंकल म्हणायचे आणि शेजारच्या गॅरेजमधला पठाण चाचा म्हणायचा. दुबईतल्या रास अल खोरला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांमागं त्यांची एक शेड आहे. बाहेर पाटी व्हॉल्व्ह दुरुस्तीची. आत व्हॉल्व्ह कमी आणि भलतंच जास्त. माणूस मूळचा इचलकरंजीचा, सांगलीला इंजिनिअर झालेला. उमेदीची वर्षं रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात काढली आणि तिथून बाहेर पडल्यावर शोध लावायला लागला. “लावायला” हा शब्द ते रोपं लावल्यासारखा वापरायचे. “ह्या हिवाळ्यात दोन लावलेत, एक तरी जगंल.”

मी दुबईत पेटंटचे अर्ज लिहिण्याचं काम करतो. कुणी काही नवं केलं की ते नेमकं काय आहे आणि आधीच्यापेक्षा कुठं वेगळं आहे हे कायद्याच्या इंग्रजीत उतरवायचं, आकृत्या जोडायच्या, अर्ज दाखल करायचा. अर्जाची तारीख म्हणजे सगळं काही. त्या तारखेआधी ती वस्तू चारचौघांत दाखवली गेली असेल तर ती नवी राहिली नाही, मग दाखवणारे तुम्ही स्वतःच का असेना. काही देश अशा वेळी वर्षभराची सवलत देतात, युरोप देत नाही. येणाऱ्या प्रत्येक अशिलाला मी हे चहा यायच्या आधी बजावतो.

काका पहिल्यांदा ऑफिसात आले ते खुर्चीत बसलेच नाहीत. खिशातून स्टेथोस्कोप काढला आणि एसीखालच्या भिंतीला लावून डोळे मिटून उभे राहिले. आमची रिसेप्शनिस्ट माझ्याकडं बघायला लागली.

“धाप लागतीय ह्याला,” काका म्हणाले. “फिल्टर कधी धुतलाय?”

“बघायला सांगतो. तुम्ही बसा ना.”

“बसतो. आधी सांग, तुझं अडतंय कुठं?”

हा त्यांचा नमस्कार होता. कसं काय, बरं आहे ना, हे ते कधी विचारायचे नाहीत. बँकेतल्या बाईंनाही विचारायचे, “मॅडम, किधर अटका है?” त्यामागं त्यांचं तत्त्वज्ञान होतं. नळ असो, रक्तवाहिनी असो की काँप्युटरचा प्रोग्रॅम असो, जगात प्रश्न एकच आहे: काहीतरी वाहतंय आणि ते कुठंतरी अडतंय. “डॉक्टर, प्लंबर आणि प्रोग्रॅमर ही एकाच आईची तीन लेकरं. वेगवेगळ्या शाळेत घातली म्हणून एकमेकांना ओळखत नाहीत.” त्यामुळं तिन्ही शाळांत जायला काकांना कसलाच संकोच नव्हता.

त्यांचं पहिलं पेटंट नळाचं. इथं उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या अशा तापतात की थंड पाण्याच्या नळाला चटका बसेल असं पाणी येतं. मग लोक गीझर बंद ठेवतात. घरात, एसीत राहून गीझरमधलं पाणी जरा निवतं, म्हणून गरम पाण्याचा नळ उघडून गार पाणी घ्यायचं. इथं जन्मलेल्या पोरांना हे उलटं आहे असं वाटतही नाही. काकांनी असा व्हॉल्व्ह केला की पाणी तापलं की तो आपोआप वाट बदलायचा आणि गार नळाला गारच पाणी यायचं. वीज नको, बटण नको. नाव ठेवलं पलट्या. मी अर्जात “तापमानानुसार प्रवाहाची दिशा बदलणारी स्वयंचलित झडप” अशा अर्थाचं लांबलचक इंग्रजी शीर्षक दिलं, तर फोन आला, “अरे, माझ्या पोराचं बारसं मी केलं आणि शाळेत नाव तू दुसरंच घातलंस?”

ऑगस्टमध्ये त्यांच्याकडं जेवायला गेलं की हात धुताना काका बाथरूमच्या दाराबाहेर उभे राहायचे.

“गार आहे ना?”

“गार आहे, काका.”

“कुठल्या नळाचं?”

“गार नळाचं.”

“मग!” असं म्हणून ते पानाकडं निघायचे. काकू आतून ओरडायच्या, “अहो, पाहुण्याला जेवू तरी द्या!”

दुसरं पेटंट सॉफ्टवेअरचं, त्याचं नाव कानोसा. पन्नाशी उलटल्यावर व्हिडिओ बघून काका प्रोग्रॅमिंग शिकले. फोन पंपाला टेकवून धरायचा, प्रोग्रॅम आवाज ऐकतो आणि पंपाचा कुठला भाग जायला आलाय ते सांगतो. त्यांनी आतली सगळी नावं मराठीत ठेवली होती. पुढं ते काम नीट करून घ्यायला कोचीच्या एका कंपनीकडं दिलं, तेव्हा तिथल्या मुलीचा मला फोन आला, “सर, व्हॉट इज खोकला?” मी सांगितलं. ती म्हणाली, “अँड कोरडा खोकला इज डिफरंट?” मी म्हणालो, हो, आमच्याकडं डिफरंट असतो. ओला खोकला म्हणजे पंपात हवा शिरली, कोरडा म्हणजे बेअरिंग गेलं.

प्रोग्रॅम झाला तरी काकांचा स्टेथोस्कोप सुटला नाही. माझी मुलगी नोकरीनिमित्त अबू धाबीला अल रीम आयलंडवर राहते. तिच्या नव्या घरी मी काकांना घेऊन गेलो होतो. लिफ्टची वाट बघताना त्यांनी स्टेथोस्कोप लिफ्टच्या भिंतीला लावला. लॉबीतून एक बाई कुत्रं घेऊन चालल्या होत्या, त्या थबकल्या. पांढरे केस, गळ्यात स्टेथोस्कोप, गंभीर चेहरा.

“डॉक्टर, इज एव्हरीथिंग ओके?”

“बेअरिंग इज गोइंग,” काका म्हणाले. “बट वन मंथ नो प्रॉब्लेम.”

बाई जिन्यानं गेल्या. मुलगी मला म्हणाली, “बाबा, प्लीज, आय लिव्ह हिअर.” पण महिन्याभरानं लिफ्ट खरंच बंद पडली तेव्हा तिनंच काकांना फोन केला. त्या दिवशी भेटेल त्याला काका लिफ्टची हकीगत सांगत होते.

नम्रता हा गुण काकांकडं नव्हता आणि तो नसल्याचं दुःखही त्यांना नव्हतं. पेटंटची सर्टिफिकेटं त्यांना हॉलमध्ये लावायची होती. काकूंनी सांगितलं, हॉलमध्ये देव आणि नातवंडं, बाकी कुणी नाही. मग ती फ्रिजच्या वर लागली. पाणी मागितलं की काका उठायचे, फ्रिज उघडायचे आणि दार धरून उभे राहायचे, म्हणजे आपली नजर वर जावी.

पेटंट ऑफिसातल्या परीक्षकांवर त्यांचं विलक्षण प्रेम होतं. परीक्षकाचं काम अर्जात खोट काढणं. बाकीचे अशील त्याच्या नावानं बोटं मोडतात. काका म्हणायचे, “अरे, सासरा असतो तो. मुलगी द्यायची नाही असं ठरवूनच बसलेला असतो. आपण चिडायचं नाही, पुन्हा पुन्हा जाऊन बसायचं.” आणि एकदा जरा थांबून म्हणाले, “आणि खरं सांगू का? माझं म्हणणं इतकं लक्ष देऊन दुसरं कोण ऐकतं?”

इतक्या बोलक्या माणसाचा एक नियम मात्र कडक होता. अर्ज जाईपर्यंत मुकाट, अर्ज गेला की ढोल. शेडमध्ये अर्ज न गेलेली वस्तू काकूंच्या जुन्या साडीखाली झाकलेली असायची. पठाणानं सहज साडीचं टोक उचललं तरी काका त्याला अरबीत चल, चल करत ओरडायचे, “यल्ला, यल्ला, हाथ मत लगाना!” मग अर्ज दाखल झाला की मला फोन. “काय रे, वाजवू का ढोल?” मी म्हणायचो, “वाजवा, काका.” त्यानंतर त्या वस्तूपासून कुणाची सुटका नसायची. माझ्या एका शब्दावर हा माणूस तोंड उघडायचा आणि बंद ठेवायचा. हा केवढा विश्वास आहे हे मला तेव्हा कळलं नाही. कळत होतं, पण सवय झाली होती.

तिसरा शोध काकूंसाठी होता. काकूंना काचबिंदू. डोळ्यांत रोज औषध घालायचं आणि त्यांचा हात थरथरतो. थेंब गालावर, कानात, उशीवर, डोळा सोडून सगळीकडं. त्यामुळं थेंब काका घालायचे. काका शेडमध्ये अडकले की काकू घड्याळाकडं बघत बसायच्या. “एका थेंबासाठी ह्यांची वाट बघायची,” असं त्या एकदा माझ्यासमोर म्हणाल्या. त्यानंतर शेडमध्ये साडीखाली एक नवी वस्तू आली.

तिचं नाव थेंब्या. भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकणारी एक छोटी कमान, तिच्यात औषधाची बाटली उलटी बसायची. हात थरथरला तरी कमान हलत नाही. पण अशा कमानी आधीपासून होत्या, आणि त्यांत अडचण एकच होती: थेंब पडायच्या क्षणी डोळा मिटतो. काका अडले. कमानीपुरता अर्ज मी आधी दाखल करून ठेवला. आणि मग महिन्याभरानं त्यांचा फोन आला, आवाज चिरकलेला. “सापडलं! दांडी! पापणीची दांडी!” कमानीला खाली एक मऊ टोकाची बारीक दांडी जोडायची. तिनं खालची पापणी ओढली की तीच दांडी वर बाटली दाबते. म्हणजे पापणी उघडल्याशिवाय थेंब पडतच नाही आणि पडला की डोळ्यातच पडतो. थेंब्यात नवं जे काही होतं ते एवढ्या दांडीत होतं. “लिहून टाक लगेच,” काका म्हणाले. मी म्हणालो, “लिहितो.”

मी तेव्हा आमच्या मराठी मंडळाचा चिटणीस होतो, आणि काकांचा जाहीर सत्कार करायची कल्पनाही माझीच. हॉल ठरला, फेटेवाला ठरला, बटाटेवडे ठरले. त्या गडबडीत दांडीचा अर्ज राहिला. आकृत्या अर्ध्या झाल्या होत्या, मजकूर डोक्यात होता, दोन तासांचं काम होतं. सत्काराच्या दोन दिवस आधी मी हॉलवर माइक तपासून घेत होतो. काकांचा फोन आला.

“काय रे, दांडी घातलीस ना अर्जात? स्टेजवर दाखवायचीय. वाजवू ढोल?”

समोर एक जण शाल मरून घेऊ की हिरवी असं विचारत होता. उद्या सकाळी पहिलं काम हेच, असं मी मनाशी ठरवलं आणि म्हणालो, “वाजवा, काका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमुख पाहुण्यांनी येत नाही म्हणून कळवलं, आणि मी दुसरे पाहुणे शोधत फिरलो.

सत्कार कसा झाला हे मला विसरता येत नाही. स्वागतगीत झालं, पाहुणे खूप वेळ बोलले, काकांना फेटा बांधला, शाल घातली, हातात नारळ दिला. माइक हातात येताच काकांनी नारळ काखेत धरला आणि हाक मारली, “अगं, वर ये.” काकू लाजत स्टेजवर आल्या. काकांनी खिशातून थेंब्या काढून त्यांच्या हातात दिला आणि स्वतः दोन पावलं मागं सरले. काकूंनी मान मागं टाकली, कमान टेकवली, दांडी ओढली. हात थरथरत होताच. थेंब डोळ्यात पडला. काकूंनी डोळे मिचकावले आणि माइक जवळ आहे हे विसरून म्हणाल्या, “अहो, गेला की हो.” अख्खा हॉल उभा राहिला. मीही टाळ्या वाजवत होतो. त्या क्षणी अर्जाची आठवण झाली, तरी टाळ्या थांबवल्या नाहीत.

दांडीचा अर्ज मी पुढच्या आठवड्यात दाखल केला. काकांनी सही कुठं करायची तेवढं विचारलं. माझं कायद्याचं इंग्रजी ते कधीच वाचायचे नाहीत. सत्काराचा व्हिडिओ मंडळाच्या पोरांनी त्याच दिवशी सगळ्या जगाला दिसेल असा टाकला होता. मी स्वतःला समजावलं, तो कोण बघतंय? आमच्या सभासदांनीसुद्धा पूर्ण बघितला नसेल.

युरोपातल्या परीक्षकानं बघितला. दरम्यान तिकडची एक कंपनी थेंब्या बनवायला तयार झाली होती, अट एकच, पेटंट पक्कं हवं. आणि मग अहवाल आला. त्यात आमच्या मंडळाचं नाव होतं आणि पुढं लिहिलं होतं की, ह्या चित्रफितीत एक वयस्कर गृहस्थ, शाल आणि नारळ स्वीकारल्यानंतर, सदर दांडीचं प्रात्यक्षिक करताना दिसतात. त्यामुळं दांडीच्या अर्जाच्या तारखेला ती नवी नव्हती.

मी शेडमध्ये जाऊन काकांना वाचून दाखवलं. आधी ते खूशच झाले. “नारळाचासुद्धा उल्लेख केलाय? वा! बघ, हा माणूस लक्ष देतो.” मग त्यांनी विचारलं, “पण दांडी तर आधीच्या अर्जात होती ना?”

“नव्हती, काका.”

“असं कसं? मी तुला सत्काराच्या आधी फोन केला होता.”

इथं मी खरं बोलायला हवं होतं. डोळ्यांसमोर माझी नोकरी आली, साहेब आले, मंडळातले लोक आले. मी म्हणालो, “नाही काका. दांडीचं तुम्ही मला नंतर सांगितलंत. आधी कळलं असतं तर घातलीच असती.”

ते माझ्याकडं बघत राहिले. संशयानं नव्हे, आठवायचा प्रयत्न करत. मग हळूच म्हणाले, “नंतर का? मला पक्कं वाटत होतं आधी म्हणून.” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “असू दे रे. तुझा काय दोष?”

अमेरिकेत सवलत होती, तिथं दांडीचं पेटंट मिळालं आणि फ्रिजच्या वर लागलं. युरोपातल्या कंपनीनं लांबूनच नमस्कार करून अंग काढून घेतलं. ह्या गोष्टीचं काकांना फारसं वाईट वाटलं असतं असं मला वाटत नाही. ते पुन्हा सासऱ्याकडं जाऊन बसले असते. पण त्यांनी दुसरीच गोष्ट मनाला लावून घेतली. ते गप्प झाले. मंडळात आले तरी कोपऱ्यात बसायचे. स्टेथोस्कोप घरी राहायला लागला. कुणी काही विचारलं तर म्हणायचे, “बघून सांगतो. आता आठवणीवर बोलत नाही मी.” मला वाटलं, वय झालं. म्हणजे असं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

मग एका दुपारी काकूंचा फोन आला.

“अरे, हे शेड बंद करतायत. लायसन्स रिन्यू करायचं नाही म्हणतात. इचलकरंजीला जायचं म्हणतात.”

“का हो, काकू?”

“म्हणतात, माझं डोकं भरवशाचं राहिलं नाही. डोक्याच्या डॉक्टरकडं जाऊन आले, मला न सांगता. तो म्हणाला, काही नाही तुम्हाला. तर ह्यांचं म्हणणं, त्याला काय कळतंय? फोन केल्याचं मला लख्ख आठवतंय, आणि तो फोन मी केलेलाच नव्हता. हे दुखणं नाही तर काय?” काकूंचा आवाज बारीक झाला. “रात्री गॅस बंद केलाय का ते उठून उठून बघतात रे. तू समजाव. तुझं ऐकतील.”

त्या शुक्रवारी मुलगी घरी आली होती. मी तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, असू दे बाबा, होतं असं. ती म्हणाली, “बाबा, ही थिंक्स ही इज लूझिंग हिज माइंड. बिकॉज ऑफ यू.” मी म्हणालो, माझी नोकरी जाईल. ती म्हणाली, “मे बी.” आणि ताट घासायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रास अल खोरला गेलो. शेडचं शटर अर्धं खाली होतं. आत काका खोकी भरत होते आणि प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते मोठ्या अक्षरांत लिहीत होते. पूर्वी त्यांना कधी असं काही लिहावं लागलं नव्हतं.

“ये,” ते म्हणाले. अडतंय कुठं, असं विचारलं नाही.

मी उभाच राहिलो. “काका, दांडीचं तुम्ही मला आधीच सांगितलं होतं.”

“नाही रे. नंतर. तूच म्हणालास.”

“मी खोटं बोललो. तुमचे दोन फोन आले होते, दोन्ही सत्काराच्या आधी. दुसऱ्या फोनवर मी वाजवा म्हणालो, तेव्हा दांडीचा अर्ज गेलेला नव्हता. लिहिलेलासुद्धा नव्हता. अहवाल आल्यावर मी घाबरलो आणि तुमच्यावर ढकललं.”

काकांनी हातातला पेन खाली ठेवला. “थांब. दुसऱ्या फोनच्या वेळी तू कुठं होतास?”

“हॉलवर. माइक तपासत होतो.”

“मागं कुणीतरी हॅलो, हॅलो, वन टू थ्री करत होतं?”

“हो, काका.”

“आठवतंय मला!” काका इतक्या जोरात ओरडले की मी मागं सरलो. “हॅलो हॅलो आठवतंय मला! अरे, हेच तर मी त्या डॉक्टरला सांगत होतो, की मला न केलेल्या फोनमधले आवाजसुद्धा ऐकू येतात!” ते खोक्यावर बसले. चेहरा दोन्ही हातांत धरला. खांदे हलायला लागले. मी घाबरून जवळ गेलो, तर ते हसत होते. मग हसणं थांबलं आणि त्यांनी मला शिव्या दिल्या. इचलकरंजीच्या, सविस्तर. त्यात माझा आळस आला, माझं शिक्षण आलं, युरोप आला आणि वर्षभर मध्यरात्री उठून बघितलेला गॅस आला. मी ऐकत होतो. इतक्या दिवसांत त्यांना एका दमात एवढं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

“माझं चुकलं, काका,” मी म्हणालो. “माझ्या साहेबांनाही आजच सांगणार आहे. मला माफ करा.”

“साहेबाचं मरू दे. हिला फोन लाव. स्पीकरवर टाक. आणि पहिल्यापासून सांग.”

मी काकूंना पहिल्यापासून सांगितलं.

“म्हणजे ह्यांना काही झालेलं नाही?”

“काही नाही, काकू. माझं चुकलं.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. मग त्या म्हणाल्या, “त्यांना म्हणावं, येताना दही आणा. आणि आता विसरलो ही सबब चालायची नाही. आणि तू पण ये जेवायला. मला बोलायचंय तुझ्याशी.”

मला वाटलं, झालं. पण काका उठले, शटर पूर्ण वर ढकललं आणि माझं मनगट धरून मला शेजारच्या गॅरेजमध्ये घेऊन गेले. पठाण एका गाडीखाली होता, बाजूला काँप्रेसर धडधडत होता.

“खान, बाहर आओ! ये तुमको कुछ बोलेगा.”

पठाण हात पुसत बाहेर आला. “क्या हुआ, चाचा?”

“बोल,” काका मला म्हणाले. “सालभर ह्याला सांगत होतो मी, मेरा दिमाग खलास हो गया. आता तू सांग.”

मी सांगायला लागलो. काँप्रेसरच्या आवाजात पठाणाला काही ऐकू येईना. त्यानं कानाला हात लावला. काका माझ्या शेजारी ताठ उभे होते, मान जरा वर करून, सत्काराला उभे होते तसेच. मी छाती भरून श्वास घेतला आणि रस्त्यापलीकडच्या दुकानांतले लोकही वळून बघतील इतक्या मोठ्यानं ओरडलो, “गलती मेरी थी! मैं झूठ बोला! चाचा को सब याद था!”